काळ्या मानेचा क्रौंच : श्रद्धा आणि संरक्षण

पाली वाङ्मयात ‘कोञ्च’ हा शब्द अनेक ठिकाणी आढळतो. संस्कृतातील ‘क्रौञ्च’ तो हाच. धम्मपदाच्या जरावग्गात, तारुण्य वाया घालविलेल्या माणसाला मासे संपलेल्या तळ्यावरील जराजर्जर कोञ्चाची उपमा दिलेली आहे. ती उपमा अर्थातच माणसासाठी आहे. तथापि तिच्यात पक्ष्याविषयीचेही एक अचूक निरीक्षण आले आहे : क्रौंचाचे जीवित त्याच्या तळ्याशी बांधलेले असते. हिमालयापलीकडील बौद्ध प्रदेशांत वावरणाऱ्या एका क्रौंचाच्या बाबतीत हे निरीक्षण आज किती खरे ठरत आहे, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

जगात क्रौंचकुळाच्या १५ जाती आहेत. त्यांपैकी काळ्या मानेचा क्रौंच ही एकच जात उंच पर्वतप्रदेशात राहणारी आहे. रशियन प्रवासी प्रझेवाल्स्की याने १८७६ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. शास्त्रज्ञांना परिचित झालेली ही क्रौंचाची शेवटची जात होय. राखट-पांढरे शरीर, काळे डोके, काळी मान, काळे शेपूट आणि माथ्यावर लाल टिळा असे तिचे रूप आहे. लडाख व भूतानमध्ये तिला ‘थ्रुंग थ्रुंग’ किंवा त्यासारख्याच नावांनी ओळखतात.

उन्हाळ्यात हे पक्षी तिबेटच्या पठारावर आणि पूर्व लडाखमध्ये, सुमारे ३,००० ते ४,९०० मीटर उंचीवरील पाणथळ जागी, घरटी करतात. हिवाळ्यात ते तिबेट, युन्नान, भूतान व अरुणाचल प्रदेशातील कमी उंचीच्या दऱ्यांत उतरतात. भारतात ही जात प्रजननासाठी फक्त लडाखमध्येच येते. पुण्याचे पर्यावरणतज्ज्ञ प्रकाश गोळे यांनी १९८० च्या दशकात तेथे जाऊन तिचा अभ्यास केला होता, ही मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

लडाखमधील त्सो कार हे स्थळ या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथे खाऱ्या पाण्याच्या मोठ्या सरोवराशेजारी स्तार्त्सापुक त्सो हे गोड्या पाण्याचे लहान सरोवर आहे. त्याभोवतीच्या दलदलीतील उंचवट्यावर क्रौंच घरटे बांधतो. मादी बहुधा दोन अंडी घालते. नर व मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवितात. मात्र अनेकदा एकच पिल्लू वाढते. घरट्याभोवतीचे पाणी हाच त्याचा तट. पाणी ओसरले की कोल्हा, लांडगा किंवा कुत्रा थेट अंड्यांपर्यंत पोहोचू शकतो.

लडाखचा बौद्ध समाज या पक्ष्याला शुभ मानतो व त्याची शिकार करीत नाही. २०२१ मध्ये लडाखने त्याला आपला राज्यपक्षी म्हणून घोषित केले. असे असूनही त्याच्या पिल्लांना आज मोठा धोका आहे तो मोकाट कुत्र्यांचा. वस्त्या, लष्करी छावण्या व पर्यटकांचे तळ यांच्या उष्ट्या-खरकट्यावर या कुत्र्यांची संख्या वाढली. त्यांना अन्न टाकणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो. बहुधा करुणाच असते. पण दलदलीतील अंड्यांवर त्याचा परिणाम काय होतो, याचा विचार झालेला नसतो. कुत्र्यांना मारणे हा त्यावरील उपाय नव्हे. त्यांचे निर्बीजीकरण आणि कचऱ्याची नीट व्यवस्था हा मार्ग कष्टाचा असला तरी योग्य आहे.

श्रद्धेला विचाराची जोड मिळाली म्हणजे काय घडते, हे भूतानमधील फोबजिखा खोऱ्यात दिसते. तेथे येताना आणि जाताना क्रौंच गांगते विहाराला तीन प्रदक्षिणा घालतात, असे लोक सांगतात. जड शरीराचे क्रौंच वर चढणाऱ्या उबदार हवेत घिरट्या घालून उंची गाठतात, हे त्याचे नैसर्गिक कारण असावे. परंतु लोक केवळ प्रदक्षिणा पाहत राहिले नाहीत. उंच तारांवर आदळून मोठे पक्षी मरतात, हे ध्यानात घेऊन या खोऱ्यात भूमिगत वाहिन्यांतून वीज आणली गेली. १९९८ पासून विहाराच्या प्रांगणात दरवर्षी ११ नोव्हेंबरला क्रौंच महोत्सव भरतो.

अरुणाचल प्रदेशातील तवांग भागात याच प्रश्नाला संघर्षाचे रूप आले. तेथील मोनपा बौद्ध या पक्ष्याचा संबंध तवांगमध्ये जन्मलेल्या सहाव्या दलाई लामांशी जोडतात. झेमिथांगजवळ, न्यामजांग छू नदीच्या ज्या पात्रात हे पक्षी हिवाळा काढतात, तेथे ७८० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प मंजूर झाला होता. स्थानिक संघटनेने दाद मागितली. प्रकल्पाच्या अहवालात क्रौंचाचा पुरेसा विचार झालेला नाही, हे मान्य करून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१६ मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी स्थगित केली. त्याच महिन्याच्या अखेरीस धरणविरोधी चळवळीतील एका लामाला अटक झाली. त्यांच्या सुटकेसाठी २ मे २०१६ रोजी तवांगमध्ये जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दोघांचा मृत्यू झाला. त्यांपैकी एक भिक्खू होते.

या तीन ठिकाणांकडे एकत्र पाहिले असता पाली ‘पच्चय’ या संज्ञेचा अर्थ नव्याने ध्यानात येतो. पच्चय म्हणजे ज्याच्या आधाराने एखादी गोष्ट उत्पन्न होते व टिकते ती अट. पाणी, दलदल, निवांत किनारा आणि मोकळे आकाश हे क्रौंचाचे पच्चय आहेत. पक्ष्याला वंदन करून त्याचे पच्चय नष्ट होऊ दिले, तर ती मैत्री अपुरी राहते. या जातीची जगातील संख्या दहा हजारांवर गेल्याने २०२० मध्ये तिचा धोक्याचा दर्जा एका पायरीने कमी करण्यात आला, ही आशादायक गोष्ट आहे. लडाखमध्ये येणारे पक्षी मात्र अजूनही फार थोडे आहेत.

आपल्यापैकी अनेक उपासक-उपासिका आता लेहचे विहार पाहण्यासाठी जातात. त्यांनी त्सो कारच्या काठी घरट्यांपासून दूर थांबावे, गाडी दलदलीत नेऊ नये आणि उरलेले अन्न तेथे न टाकता परत आणावे.