पंचांचे गुण आणि प्रेक्षकांचे भाकीत

शंकरपटात बैलांची जोडी कमी वेळात पोचली की वाद संपतो. कुस्तीत पाठ मातीला लागली की पुढे बोलायला जागा उरत नाही. पण ज्या खेळात कोणी कोणाच्या पुढे धावत नाही आणि कोणी कोणाला चीत करीत नाही, तिथे पहिला नंबर ठरवायचा कसा? मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेल्या आपल्या बाळापुरात घ्या, नाही तर अकोल्या-अमरावतीच्या कुठल्याही आखाड्यात घ्या, मल्लखांबाची स्पर्धा आटोपली की एक वाक्य हटकून कानावर पडते : "पोट्ट्यानं तं कमाल केली बावा, मंग नंबर काऊन नाही देल्ला?"

या 'काऊन'ला नीट उत्तर असते. ते समजून घेतले तर निकाल लागल्यावर भांडण्याऐवजी निकाल लागण्याआधीच आपल्याला त्याचा अंदाज बांधता येतो, आणि त्यात मोठी मौज आहे.

मल्लखांबाचेच पाहा. एरंडेल तेल चोळलेला खांब, त्यावर ठराविक वेळात रचलेला संच. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, आसने, शेवटी उडी. पंच दहापैकी गुण देतात. बघणाऱ्याला वाटते की अवघड उडी मारली म्हणजे झाले. पंच मात्र एकाच वेळी निरनिराळे प्रश्न मनात ठेवून बसलेले असतात. प्रकार अवघड किती होता, एकातून दुसऱ्यात जाताना खंड पडला काय, पाय जुळलेले होते काय, गुडघा वाकला काय, उतरताना तोल गेला काय. टाळ्या पहिल्या प्रश्नाला पडतात. गुण मात्र पुढच्या प्रश्नांत गळतात.

1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची आणि व्यायामाची प्रात्यक्षिके करून दाखवली, हे वऱ्हाडात घरोघर ठाऊक आहे. पण ती प्रात्यक्षिके होती. प्रात्यक्षिकाला गुण नसतात. त्याच वर्षी, त्याच जर्मनीत, फेब्रुवारी महिन्यात हिवाळी ऑलिंपिक झाले होते आणि त्यात गुण देऊनच ठरवायचा एक खेळ होता : बर्फावरचे कलात्मक स्केटिंग. पुरुषांत ऑस्ट्रियाचा कार्ल शेफर पहिला आला. बुटाखाली पोलादी पाते, पायाखाली गुळगुळीत बर्फ आणि साथीला संगीत. आपल्याकडे बर्फ म्हणजे उन्हाळ्यातला गोळा. तरी हा खेळ मल्लखांब पाहिलेल्या माणसाला परका वाटत नाही. हवेत घेतलेली गिरकी, तोल, सफाई आणि समोर बसलेले पंच, सारे ओळखीचेच. शिवाय पंचांच्या गुणांचा हिशेब जगात या खेळाइतका उघडपणे फार थोड्या ठिकाणी छापला जातो. म्हणून आजचा धडा त्याच्यावरून घेऊ.

जुन्या काळी तिथे सहापैकी गुण देत. प्रत्येक पंच दोन आकडे दाखवी, एक कसबाचा आणि एक सादरीकरणाचा. पण खरी गोम अशी की त्या आकड्यांना स्वतःची किंमत नव्हती. त्यांच्यावरून त्या पंचाच्या मते कोण पहिला, कोण दुसरा, एवढाच क्रम लावायचा, आणि अधिक पंचांनी ज्याला वर ठेवले तो वर.

1988 साली कॅनडातल्या कॅलगरीला दोन ब्रायन समोरासमोर आले. अमेरिकेचा ब्रायन बोइटानो आणि यजमान कॅनडाचा ब्रायन ऑर्सर. तेव्हा स्पर्धेचे तीन भाग असत : बर्फावर ठराविक आकृत्या कोरणे, छोटा कार्यक्रम आणि मोठा कार्यक्रम. प्रत्येक भागातल्या क्रमांकाला अनुक्रमे 0.6, 0.4 आणि 1 ने गुणायचे. ज्याची बेरीज लहान तो जिंकला. आकृत्यांत बोइटानो दुसरा, ऑर्सर तिसरा. छोट्या कार्यक्रमात ऑर्सर पहिला, बोइटानो दुसरा. म्हणजे बोइटानोचे झाले 2.0 आणि ऑर्सरचे 2.2. आता मोठ्या कार्यक्रमात या दोघांत जो वर राहील त्याचे सुवर्णपदक, हे शाळेतल्या पोरालाही सांगता आले असते. भाकीत इथवर सोपे. पुढे काय झाले? नऊ पंचांपैकी चौघांनी ऑर्सरला पहिला ठरवले, तिघांनी बोइटानोला, आणि दोघांनी दोघांना समसमान गुण दिले. समान गुण असतील तर कसबाचा आकडा पाहायचा, असा नियम होता. त्या दोन्ही पंचांचा तो आकडा बोइटानोच्या बाजूने होता. झाले, पाच विरुद्ध चार! ऑर्सरने एका उडीत किंचित चूक केली होती आणि ठरवलेली एक तीन गिरक्यांची उडी दोन गिरक्यांवर आणली होती. तेवढ्यावर पदक गेले.

या पद्धतीत दोष होता तो हा की पंचाने अमक्याला दुसरा का ठेवले, हे कागदावर कुठेच उमटत नसे. 2002 साली सॉल्ट लेक सिटीला जोडी स्केटिंगमध्ये त्याचा स्फोट झाला. आपल्यावर दबाव आल्याचे फ्रान्सच्या पंच बाईंनी सांगितले आणि शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देणे भाग पडले. त्यानंतर 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने जुनी पद्धत मोडीत काढून नवी स्वीकारली.

नवी पद्धत म्हणजे किराणा दुकानाचे बिल. प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला छापील दर. एक तांत्रिक मंडळ फक्त एवढेच पाहते की माल कोणता दिला : उडी कोणती, गिरक्या पुऱ्या झाल्या की नाहीत. शंका आली तर चित्रफीत पुन्हा लावून बघतात. मालाचा कस ठरवायला नऊ पंच वेगळे बसतात. 2018 पासून ते प्रत्येक प्रकाराला उणे पाच ते अधिक पाच अशी श्रेणी देतात आणि एकेका श्रेणीला मूळ दराच्या दहा टक्के किंमत असते. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा टाकून उरलेल्या सातांची सरासरी काढतात. एखाद्या पंचाने आपल्या माणसाला पदरात घेतले तरी त्याचा आकडा बहुधा असाच गळून पडतो. याशिवाय रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कौशल्य यांचे गुण निराळे.

2002 च्या गोंधळानंतर बरीच वर्षे कोणत्या पंचाने कोणता आकडा दिला हे गुप्त ठेवत. पंचांवर दबाव येऊ नये, हा त्यामागचा विचार. माझ्या मते हा उपाय रोगापेक्षा वाईट होता. नाव झाकलेल्या पंचाला जाब कोण विचारणार? 2016 मध्ये ती गुप्तता रद्द झाली, हे बरे झाले.

आता दराचे गणित जरा सावकाश करू, कारण भाकिताचा सगळा खेळ त्यात आहे. लुट्झ नावाची एक उडी आहे. ती चार गिरक्यांची मारली तर दर 11.50. पंचांनी सरासरी अधिक तीन श्रेणी दिली तर त्यात 3.45 मिळून 14.95 होतात. समजा खेळाडू चार गिरक्या पुऱ्या करून पडला. श्रेणी उणे पाच, म्हणजे दर निम्म्यावर, 5.75, पडल्याबद्दल आणखी एक गुण वजा. हाती आले 4.75. आणि समजा त्याला हवेत चढतानाच धीर राहिला नाही, अंग उघडले आणि एकच गिरकी झाली, तर? तो पडणार नाही, ऐटीत उतरेल, बघणाऱ्याला काही खटकणारही नाही. पण एका गिरकीच्या लुट्झचा दर अवघा 0.60! म्हणजे धडाडीने उडी घेऊन आपटलेला गडी, भीतीने आखडून नीट उतरलेल्या गड्यापेक्षा चार गुण पुढे. आपल्या 'काऊन'चे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे 2010 च्या व्हँकुव्हरला सापडते. रशियाचा येवगेनी प्लुशेन्को आधीचा विजेता. त्याच्याकडे चार गिरक्यांची उडी होती. अमेरिकेच्या इव्हान लायसेकने ती घेतलीच नाही. छोट्या कार्यक्रमानंतर प्लुशेन्को 90.85, लायसेक 90.30. जाणत्यांनीही म्हटले की चार गिरक्यांवाल्याला कोण हरवतो! शेवटी लायसेक 257.67 आणि प्लुशेन्को 256.36. प्लुशेन्को चिडला, आणि चार गिरक्यांशिवाय कसला विजेता, असा वाद कित्येक महिने चालला. पण बिल वाचा. मोठ्या कार्यक्रमात सादरीकरण वगैरेंचे गुण दोघांना अगदी सारखे, 82.80. उड्या-गिरक्यांच्या मूळ दरांची बेरीज प्लुशेन्कोची 75.03, लायसेकची 74.93. चार गिरक्यांची उडी असूनही फरक फक्त एक दशांश! हे कसे? त्या वेळी कार्यक्रमाच्या उत्तरार्धात, दमछाक झालेली असताना मारलेल्या उडीला दहा टक्के जास्त दर मिळे, आणि लायसेकने आपल्या जास्त उड्या उत्तरार्धात ठेवल्या होत्या. मग कसाचे गुण : लायसेकला 9.64, प्लुशेन्कोला 7.68. एकाची उडी मोठी, दुसऱ्याचे सगळेच स्वच्छ. मला विचाराल तर त्या नियमांप्रमाणे निकाल चोख होता. त्या नियमांनी चौथ्या गिरकीला पुरेशी किंमत दिली होती काय, हा वेगळा प्रश्न. तो नियम करणाऱ्यांना विचारायचा, पंचांना नव्हे.

तर मग भाकीत करायचे कसे? स्पर्धेपूर्वी खेळाडू आपल्या कार्यक्रमाचा आराखडा लिहून देतात. तो घ्यावा, प्रत्येक प्रकारापुढे दर मांडावा, गड्याला गेल्या स्पर्धांत साधारण किती श्रेणी मिळाली ते पाहून ती मिळवावी. कौशल्य-सादरीकरणाचे आकडे पंच सहसा गेल्या वेळच्या आसपासच ठेवतात. नावाचा प्रभाव म्हणा, सवय म्हणा. भाकीत करणाऱ्याला ते सोयीचे पडते. एवढ्यावर बेरीज बऱ्यापैकी जवळ येते. फसते ती पुढच्या पायरीला, कारण आराखडा कागदावर असतो आणि उडी बर्फावर.

अमेरिकेचा नेथन चेन आणि जपानचा युझुरू हान्यू यांचे पाहा. 2018 साली चेन छोट्या कार्यक्रमात कोसळला, 82.27 गुण, सतरावा. मोठ्या कार्यक्रमात त्याच गड्याने सर्वांत जास्त 215.08 मिळवले, तरी एकूण पाचवा. सुवर्णपदक हान्यूचे, सलग दुसरे. 2022 ला बीजिंगमध्ये पारडे फिरले. छोट्या कार्यक्रमातल्या पहिल्याच उडीला हान्यूचे पाते बर्फातल्या खाचेत गेले. चार गिरक्यांची उडी एका गिरकीची झाली, आणि छोट्या कार्यक्रमात तशी उडी धरतच नाहीत, म्हणून तिला शून्य. चेन 332.60 घेऊन पहिला, हान्यू 283.21 घेऊन चौथा. बर्फातली खाच कोणत्या आराखड्यात लिहिलेली असते?

आणि 2026 च्या फेब्रुवारीत मिलानला तर भाकीत करणाऱ्यांची पार दाणादाण उडाली. अमेरिकेचा इलिया मालिनिन हा साडेचार गिरक्यांची ॲक्सेल स्पर्धेत पुरी करणारा जगातला पहिला खेळाडू. 2022 पासून ती त्याच्या नावावर आहे. तिचा दर 12.50. छोट्या कार्यक्रमात 108.16 घेऊन तो पहिला होता आणि दुसऱ्या कोणाचे नाव घ्यायला कोणी तयार नव्हते. मोठ्या कार्यक्रमात ती ॲक्सेल एका गिरकीवर आटोपली, आणखी उड्या आखडल्या, दोनदा तो पडला. 156.33 गुण, एकूण 264.49, आठवा. सुवर्णपदक कझाकस्तानच्या मिखाइल शायदोरोवला, 291.58. तो छोट्या कार्यक्रमानंतर पाचवा होता. वर सांगितलेला 0.60 आणि 14.95 मधला फरक ज्याने आधी मांडून पाहिला असेल, त्याला हा निकाल धक्कादायक वाटला तरी गूढ वाटला नसेल. एवढ्या महागड्या उड्यांनी भरलेला आराखडा मोडतो तेव्हा तो सावकाश खाली येत नाही, कडेलोट होतो.

मल्लखांबाकडे परत या. 2019 च्या फेब्रुवारीत मुंबईला शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पोलादी पात्यांच्या देशांतलेही गडी खांबावर चढू लागले आहेत. तेव्हा पुढच्या वेळी आपल्या गावच्या स्पर्धेला जाल तेव्हा एक कोरा कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा. संच सुरू झाला की प्रकारांची नावे एकाखाली एक लिहा, पाय सुटला, हात घसरला, मधे थांबला की समोर खूण करा, आणि पंचांचा आकडा जाहीर होण्याआधी आपला आकडा लिहून घडी घाला. शेजारी पोराचा बाप बसला असेल तर त्यालाही एक कागद द्या. पोराचा गुण नेमका कोणत्या फिरकीत गेला हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले असले, की गुरुजींना विचारायचा प्रश्नही नेमका होतो. आणि त्या फिरकीवर उद्या सकाळीच मेहनत सुरू करता येते.