डबा नको, खूण हवी
नकाशातल्या वाटा : भाग ६

उपग्रहांच्या संकेतांवरून फोन आपली जागा कशी काढतो, हे मागच्या भागात पाहिले. त्याच तंत्रातून जन्मलेला एक खेळ आज पाहू. १ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे यंत्र दाखवील ती जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकायची. ती चूक काढून टाकल्यावर दोनच दिवसांनी, ३ मेला, डेव्ह उल्मर यांनी ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. सापडेल त्याने बादलीतली वस्तू घ्यावी, आपली एक ठेवावी आणि वहीत नोंद करावी, एवढाच नियम. हाच जिओकॅशिंगचा आरंभ. आज जगभरात अशी लाखो ठिकाणे नोंदलेली आहेत. परदेशात उपनगरी रेल्वेच्या स्थानकांजवळची चित्रे आणि शिल्पेही या खेळात ओवली जातात. आपल्याकडे हा खेळ रुजावा, पण लपवलेल्या डब्याविना रुजावा, असे माझे मत आहे. स्थानकावरची कलाच इथे ठेवा मानायला हवी.

डब्याला विरोध का, याचे उत्तर आपल्याच फलाटांवर मिळते. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांनंतर मुंबईच्या प्रवाशाला बेवारस वस्तू म्हणजे धोका, हे कानीकपाळी ओरडून शिकवले गेले आहे. खांबामागे चिकटवलेली, आत चिठ्ठी असलेली डबी तिथे सापडली, तर बॉम्बशोधक पथक येणार आणि गाड्या थांबणार. ही भीती नुसती आपलीच नाही. २०११ मध्ये इंग्लंडच्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेर ठेवलेली अशीच डबी पोलिसांना संशयास्पद वाटली आणि लष्करी पथकाने ती उडवून दिली. शिवाय रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. खेळासाठी रुळांकडेला झुडपे धुंडाळत बसणे तर जिवावरच बेतायचे.

आता डबा वगळून उरते काय ते पाहू. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फाटकावर एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावर १८७८ पासून दहा वर्षे उभारलेल्या या वास्तूच्या नक्षीकामात मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचा हात होता. २००४ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. लोकल पकडायला धावणारे त्या नक्षीखालून रोज जातात, पण मान वर करायला सवड कुणाला? अशा जागी अक्षांश-रेखांशासोबत एकच प्रश्न द्यावा: दर्शनी घड्याळाखालचा कोनाडा रिकामा का? तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता आणि स्वातंत्र्यानंतर तो हलवला गेला, हे शोधताना खेळाडूच्या हाती इतिहासाचे एक पानच येते. चर्चगेटच्या इमारतीवर ब्राझीलचे एदुआर्दो कोब्रा यांनी २०१८ मध्ये गांधीजींचे प्रचंड चित्र रंगवले. तेही अशाच प्रश्नाला योग्य. या दोन्ही जागा रस्त्यावरून दिसतात, हे तांत्रिकदृष्ट्याही सोयीचे आहे. फलाटाच्या पत्र्याखाली संकेत अडतो, आपटून वळतो आणि फोन जागा चुकवतो. मोकळ्या आभाळाखाली ही अडचण बरीच कमी होते.

यावर पहिला आक्षेप जुने खेळाडू घेतील: डबाच नाही तर खेळ कसला? पण याच खेळात २००४ पासून ‘अर्थकॅश’ हा प्रकार आहे. त्यात भूरचना पाहून प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात, डबा नसतोच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डब्याविनाच्या ‘व्हर्च्युअल’ नोंदी पूर्वी सर्रास होत आणि कुणीही कशाचीही खूण टाकू लागल्याने २००५ मध्ये नव्या नोंदी बंद झाल्या. २०१७ मध्ये त्या पुन्हा आल्या, पण निवडक खेळाडूंपुरत्या. या इतिहासातून डब्याची गरज सिद्ध होत नाही, चांगल्या प्रश्नाची होते. घरबसल्या फोनवर उत्तर मिळत असेल तर दोष प्रश्न काढणाऱ्याचा. तिथे उभे राहिल्याशिवाय सुचणार नाही असे काही विचारले, तरच खेळ टिकतो.

तिसरा आक्षेप आपल्या भागातला वाचक घेईल: आदिलाबाद जिल्ह्यातल्या नार्नूरला ना लोकल, ना स्थानक. रेल्वे धरायची तर आदिलाबाद किंवा आसिफाबाद रोड गाठावे लागते. पण आसिफाबाद रोडवरून उत्तरेला जाणारा मार्ग बल्लारशाहला पोचतो. बल्लारशाह आणि चंद्रपूर या स्थानकांच्या भिंतींवर ताडोबाचे वाघ आणि जंगल रंगवलेले आहे आणि रेल्वेच्या स्थानक-सुशोभीकरण स्पर्धेत २०१८ मध्ये या जोडीलाच पहिले बक्षीस मिळाले. मधुबनी आणि मदुराई दुसऱ्या क्रमांकावर राहिली. म्हणजे देशातली नावाजलेली स्थानक-कला आपल्या शेजारीच आहे. आदिलाबाद स्थानक रेल्वेच्या ‘अमृत भारत’ स्थानक योजनेत आहे आणि स्थानिक कलेला वाव देणे हा त्या योजनेचा एक भाग आहे. याच जिल्ह्याच्या नावाच्या डोकरा ओतकामाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गुसाडी नाचातली मोरपिसांची टोपी तर इथल्या प्रत्येक घराला ओळखीची. हे सारे स्थानकाच्या भिंतीवर यावे, अशी मागणी करायची वेळ हीच.

भिंती पुन्हा रंगवल्या जातात, मग नोंदी फुकट जातील, असेही कुणी म्हणेल. खरे तर नोंदीची गरज त्यामुळेच वाढते. चित्र पुसले गेले तरी ते कुठे होते, केव्हा होते आणि कुणी पाहिले, हे खेळाडूंच्या तारीखवार नोंदींत आपोआप उरते. इतकी बारीक दफ्तरे कुठलेही कार्यालय ठेवत नाही. खर्च शून्य, धोका नगण्य आणि वर एक फुकटचा दस्तऐवज. डबा सोडून देण्याच्या बदल्यात एवढे मिळत असेल, तर सौदा आपल्या फायद्याचाच आहे. असा प्रश्न काढायचा कसा आणि तो नोंदवताना कोणते नियम पाळायचे, ते पुढच्या भागात.