संगणकीय खेळांतील अनियमित ‘क्रॅश’ : कारणमीमांसा व निदानपद्धती

प्रस्तावना :

संगणकावरील खेळ हा महाविद्यालयीन नियतकालिकात चर्चेचा विषय व्हावा काय, असा प्रश्न काही प्राध्यापक बंधुभगिनींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकाचेही मत पूर्वी तसेच होते. घरातील संगणकावर दिवसा संशोधन प्रकल्पाची आकडेवारी भरली जात असे आणि रात्री पुतण्या त्यावर गेम खेळत असे. गेम मध्येच बंद पडतो, ही त्याची तक्रार कोणी मनावर घेतली नाही. विक्रेत्याने ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा सल्ला दिला. तो खर्च एका महिन्याच्या वेतनाचा मोठा भाग खाणारा होता. पुढे क्रमाने तपासणी केली असता दोष रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एकीत आढळला. तोपर्यंत आकडेवारीच्या दोन झिप फायली उघडेनाशा झाल्या होत्या. गेमने जो इशारा कित्येक आठवडे दिला, तो आम्ही खेळाची कुरबूर म्हणून दुर्लक्षिला होता. या अनुभवातून प्रस्तुत लेखाची प्रेरणा मिळाली.

अनियमित बिघाडाचे स्वरूप :

संगणकातील बिघाड स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात. ठरावीक कृती केली की हमखास उद्भवणारे, आणि तीच कृती पुन्हा केली असता न उद्भवणारे. टँडम काँप्युटर्स येथील संगणकतज्ज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ मधील आपल्या अहवालात सॉफ्टवेअरमधील पहिल्या प्रकारच्या दोषांना ‘बोरबग’ व दुसऱ्या प्रकारच्या दोषांना ‘हायझेनबग’ असे संबोधले. भौतिकशास्त्रज्ञ बोर व हायझेनबर्ग यांच्या नावांवरून ही संज्ञा घेतलेली आहे. गेमचा अनियमित क्रॅश बाह्यतः या दुसऱ्या प्रकारासारखा दिसतो. मात्र त्याचे मूळ सॉफ्टवेअरमध्येच असेल असे नाही.

असा बिघाड गेममध्येच प्रथम का दिसतो? लेखन वा टिपणाचे काम करताना संगणक बहुतांश वेळ स्वस्थ असतो. गेम मात्र प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड व वीजपुरवठा एकक अर्थात एसएमपीएस या सर्वांवर एकाच वेळी भार टाकतो. कार्डाची विजेची मागणी काही सहस्रांश सेकंदांपुरती सरासरीच्या कितीतरी वर जाते. शिवाय आतील तापमान खोलीच्या तापमानावर अवलंबून असल्याने, विदर्भातील मे महिन्यात हिवाळ्यात निर्वेध चालणारा संगणक अडखळू शकतो. म्हणजेच गेम हा बिघाडाचे कारण असतोच असे नाही. अनेकदा तो केवळ बिघाडाचा पहिला साक्षीदार असतो.

संदेश आणि कारण यांतील अंतर :

पडद्यावर येणारा त्रुटीसंदेश हेच कारण मानणे, ही निदानातील सर्वांत मोठी चूक होय. याचे बोलके उदाहरण इंटेल कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांचे आहे. २०२२ व २०२३ मध्ये बाजारात आलेल्या या मालिकांतील वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरांवर अनेक गेम सुरू होताना वा चालताना बंद पडू लागले. अनरिअल इंजिनवर आधारित काही गेममध्ये ‘व्हिडिओ मेमरी संपली’ अशा अर्थाचा संदेश दिसे. साहजिकच संशय ग्राफिक्स कार्डावर जाई. वास्तविक बिघाड प्रोसेसरमध्ये होता. गेममधील संक्षेपित माहिती पूर्ववत उलगडण्याचे काम प्रोसेसर करतो. त्यात चूक झाली की पुढील टप्प्यास विसंगत माहिती मिळे आणि चुकीचा संदेश प्रकट होई. एपिक गेम्सच्या मालकीच्या रॅड गेम टूल्स या संस्थेने, ज्यांचे ऊडल हे संक्षेपण सॉफ्टवेअर अनेक गेममध्ये वापरले जाते, हा प्रकार स्पष्ट केला.

जुलै २०२४ मध्ये इंटेलने जाहीर केले की, मायक्रोकोडमधील दोषामुळे प्रोसेसर आवश्यकतेपेक्षा अधिक व्होल्टेजची मागणी करीत होता. ऑगस्ट २०२४ पासून बायोसद्वारे सुधारित मायक्रोकोड देण्यात आला व हमीचा कालावधी दोन वर्षांनी वाढविण्यात आला. मात्र ज्या प्रोसेसरांची झीज आधीच झाली होती, ते या सुधारणेने पूर्ववत होणार नव्हते. ते बदलणे हाच उपाय होता. ज्यांनी केवळ संदेशावर विसंबून नवे ग्राफिक्स कार्ड घेतले असेल, त्यांचा पैसा व्यर्थ गेला आणि झीज मात्र चालूच राहिली.

निदानाची क्रमबद्ध पद्धती :

१) नोंद ठेवणे : क्रॅशची तारीख, वेळ, गेमचे नाव, सुरू केल्यापासून गेलेला अवधी व संदेश वहीत लिहावेत. विंडोजमधील ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ व ‘इव्हेंट व्ह्यूअर’ यांतील नोंदी त्यास जोडाव्यात. ‘व्हिआ-लॉगर’ची नोंद हार्डवेअरकडे निर्देश करते. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद मात्र संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढेच सांगते. का, ते सांगत नाही.

२) व्याप्ती ठरविणे : एकच गेम बंद पडत असल्यास त्याच्या फायलींची पडताळणी करावी व बाहेरून जोडलेले बदल काढावेत. भिन्न बनावटीचे अनेक गेम बंद पडत असल्यास ड्रायव्हर वा हार्डवेअरचा संशय बळावतो.

३) मूळ स्थितीत आणणे : वाढविलेला वेग काढून टाकावा. रॅमची ‘एक्सएमपी’ ही व्यवस्थाही वेगवर्धनच आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ती तात्पुरती बंद करावी. बायोस अद्ययावत करावा.

४) रॅमची परीक्षा : पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवावे. एकही त्रुटी आढळल्यास एकेक पट्टी स्वतंत्रपणे तपासावी.

५) उष्णता, वीज व ग्राफिक्स : धूळ काढून भाराखालील तापमान पाहावे. संगणक क्षणात पूर्ण बंद होत असल्यास एसएमपीएस व अर्थिंग तपासावे. पडदा काळा होऊन परत येत असल्यास ग्राफिक्सकडे लक्ष द्यावे. कार्डाने ठरावीक अवधीत, सामान्यतः दोन सेकंदांत, प्रतिसाद न दिल्यास विंडोज त्याचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. तरीही उलगडा न झाल्यास उसना, चालू स्थितीतील भाग लावून पाहावा. विकत घेऊन नव्हे.

प्रत्येक पायरीवर एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर क्रॅश थांबूनही कारण अज्ञातच राहते.

किती वेळ थांबावे? :

बदल केल्यानंतर तासभर गेम चालला की दोष गेला, असा समज होतो. येथे संभाव्यतेचा साधा नियम उपयोगी पडतो. समजा, क्रॅश सरासरी दोन तासांनी एकदा, परंतु यादृच्छिकपणे होतो. दोष कायम असूनही पुढील दोन तास निर्वेध जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. चार तास निर्वेध जाण्याची शक्यता सुमारे १४ टक्के, तर सहा तासांची सुमारे ५ टक्के असते. म्हणून सरासरी कालांतराच्या किमान तिप्पट काळ चाचणी घेतल्याशिवाय ‘दुरुस्त झाला’ असे म्हणू नये. पहिल्या पायरीतील वहीचे महत्त्व येथे कळते. नोंदीशिवाय सरासरी काढता येत नाही.

निष्कर्ष :

अनियमित क्रॅशचे निदान हे संशोधनपद्धतीचेच लघुरूप आहे. निरीक्षणाची नोंद, एका वेळी एका चलाचे नियंत्रण आणि पुरेसा नमुना ही तत्त्वे आपण वर्गात शिकवितो. घरच्या संगणकापुढे मात्र विसरतो. गेम बंद पडला तर नुकसान एका खेळाचे होते. परंतु त्याच सदोष रॅमवर वा प्रोसेसरवर आपली आकडेवारी, प्रबंधाची प्रकरणे आणि विद्यार्थ्यांच्या गुणांच्या याद्याही असतात, आणि तेथे एखादा आकडा बदलला तर कोणताही संदेश येत नाही. म्हणून घरातील तरुणाने गेम बंद पडल्याची तक्रार केली, तर त्यास रागावण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या, निर्दोष संगणकावर उघडून पाहावी आणि मगच वही हाती घ्यावी.