टच प्रोबची जोडणी पक्की, तर कोरीवकाम अचूक

लाकूड वा अ‍ॅक्रिलिक कोरणाऱ्या छोट्या सीएनसी राउटरला कटरचे टोक पृष्ठभागापासून किती उंचीवर आहे, हे आपोआप कळत नाही. त्यासाठी टच प्रोब वापरतात. जाडी ठाऊक असलेली धातूची पट्टी कामावर ठेवून एक तार तिला, तर दुसरी कटरला जोडली जाते. 'जी३८.२' ही आज्ञा मिळताच कटर सावकाश उतरतो; तो पट्टीला टेकताच विद्युतमंडल पूर्ण होते आणि यंत्र थांबते.

खरी मेख येथेच आहे. तार तुटली किंवा चिमटा निसटला, तरी नियंत्रकाच्या लेखी 'अद्याप स्पर्श झालेला नाही' एवढेच असते. परिणामी कटर पट्टीत रुततो किंवा मोडतो.

म्हणून सैल चिमट्याऐवजी चुंबक लावलेली तार कोलेटच्या नटवर बसवणे सोयीचे ठरते. स्पिंडलच्या बाह्य कवचावर विसंबू नये. बेअरिंगमधील ग्रीसमुळे वीजप्रवाह खंडित होऊ शकतो. सांध्याजवळ तार वारंवार वाकून तुटते, तेथे तिला घट्ट आधार द्यावा.

मोटारीच्या विद्युत गोंगाटामुळे स्पर्शाआधीच खोटा संकेतही मिळतो. त्यावर उपाय म्हणजे प्रोबची तार मोटारीच्या तारांपासून दूर न्यावी, ती शिल्डेड असावी आणि तिचे आवरण एकाच टोकाला ग्राउंड करावे.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र सवयीचा. स्पिंडल बंद ठेवून, कटर उतरवण्यापूर्वी प्रत्येक वेळी पट्टी हाताने कटरला टेकवावी. पडद्यावर संकेत उमटला, तरच आज्ञा द्यावी.