बाकावरची जागा

शाळेतल्या मुलांच्या छळाविषयी बोलावयाचे तर एखाद्या मानसशास्त्रज्ञाला पाचारण करावे. कामगार चळवळीतल्या माणसाचे येथे काय काम, अशी शंका काही श्रोत्यांना आली असेल. शंका रास्त आहे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या गेटसभांत झाले. परंतु माणूस एकटा पडला म्हणजे त्याचे काय होते आणि तो एकटा पडू नये म्हणून काय करावे लागते, हे पाहण्यात आमची तीस वर्षे गेली. तेवढ्याच अधिकारावर आम्ही बोलत आहोत.

प्रथम शब्दाचा अर्थ लावून घेऊ. दोन मुलांची जुंपली आणि संध्याकाळी ती पुन्हा एकत्र खेळली, तर ते भांडण होय, छळ नव्हे. डॅन ओल्वेउस या संशोधकाने छळाची तीन लक्षणे सांगितली आहेत. तो हेतुपुरस्सर असतो, पुन्हापुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंचे बळ असमान असते. हे बळ मनगटाचेच असते असे नाही. ते संख्येचे, जातीचे, पैशाचे किंवा बोलीचेही असते. मारहाण हा त्याचा एक प्रकार. टोपणनाव पाडणे, डबा खाताना दूर सारणे, खेळात न घेणे, मोबाइलवर चेष्टा फिरविणे, हे सारे त्याच जातकुळीचे.

१९८२ साली उत्तर नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आपला जीव दिला. सोबत्यांचा छळ हेच त्याचे कारण असावे, असे दिसून आले आणि सारा देश हादरला. १९८३ मध्ये तेथील सरकारने देशभर मोहीम काढली. ओल्वेउस यांनी बर्गेन शहरातील ४२ शाळांतील सुमारे २,५०० मुलांची अडीच वर्षे पाहणी केली, आणि छळाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली आल्याचे नोंदविले. उपाय काय होते? नाव न लिहिता मुलांकडून प्रश्नावली भरून घेणे, मधल्या सुट्टीत मोठ्या माणसांनी लक्ष ठेवणे, वर्गाचे नियम ठरवून त्यांवर वर्गसभेत बोलणे आणि छळणाऱ्या मुलाशी व त्याच्या पालकांशी गंभीरपणे बोलणे. यात खर्चाचे असे फारसे काही नाही. सातत्य मात्र हवे.

पुढचा महत्त्वाचा धडा फिनलंडचा. तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की छळ हा दोघांतला व्यवहार नसतो. त्यात सारा वर्ग सामील असतो. कोणी हात देतो, कोणी हसून उत्तेजन देतो, कोणी मान फिरवितो आणि थोडे जण बाजू घेतात. बहुतेक मुलांना छळ मनातून आवडत नाही. परंतु प्रत्येकाला वाटते, की इतरांना तो आवडतो आहे. म्हणून सगळे गप्प. या विचारावर उभारलेला 'किवा' हा उपक्रम २००९ पासून फिनलंडच्या शाळांत सर्वत्र पसरला. त्यात छळणाऱ्यास सुधारण्याइतकाच भर बघ्यांना जागे करण्यावर असतो. वर्गातील दोनचार भल्या मुलांना विश्वासात घेऊन छळ सोसणाऱ्याच्या सोबतीला राहण्यास सांगितले जाते.

हे वाचले तेव्हा आम्हांला आमचा कारखाना आठवला. सुपरवायझर नव्या हेल्परला सर्वांदेखत अपमानित करी आणि पन्नास माणसे माना खाली घालून काम करीत. पन्नासांपैकी एकालाही ते आवडत नसे. ज्या दिवशी तिघे जण हातातले काम ठेवून त्या पोराच्या शेजारी नुसते उभे राहिले, त्या दिवशी ते थांबले. तक्रार करणाऱ्याला एकटे आत पाठवावयाचे नाही, बरोबर पाच जण द्यावयाचे, हा संघटनेचा पहिला पाठ आहे. भर वर्गात छळलेल्या मुलाला उभे करून "कोण त्रास देतो, सांग" असे विचारणारे गुरुजी नेमके याच्या उलट करतात. बिचारा नाव सांगेल कसा? सुट्टीत तो पुन्हा एकटाच असतो.

आता एक कबुली. आम्ही सहावीत असताना दिवाळीनंतर एक मुलगा वर्गात आला. त्याचे आईबाप ऊसतोडीला आलेले. दोघांचा मिळून एक कोयता, आणि बिऱ्हाड फडाजवळच्या कोपीत. त्याची बोली आमच्याहून वेगळी. कोणीतरी त्याला 'पाचट' म्हटले आणि तेच त्याचे नाव झाले. बाकावर जागा असूनही कोणी सरकत नसे. आम्ही त्याला कधी बोट लावले नाही. आम्ही फक्त हसलो. महिन्याभरात तो यावयाचा थांबला. पट्टी संपेपर्यंत तो फडात मोळ्या वाहताना दिसे. मारणारे दोघेच होते. शाळेतून त्याला घालविले ते आम्हा हसणाऱ्यांनी, हे आम्हांला फार उशिरा कळले.

आपलेपणा उपदेशाने येत नाही. तो व्यवस्थेतून येतो. १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने वरून ओतल्याखेरीज पाणी मिळत नसे. ती मुलांची खोडी नव्हती, शाळेची रीत होती. त्याच साताऱ्यात १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राबत आणि एका पंक्तीला जेवत. गाव तेच, व्यवस्था निराळी.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली, हे चांगलेच झाले. परंतु बाकावर सरकून जागा देण्याची सक्ती कोणता कायदा करणार? ते शाळेनेच घडवावे लागेल. बसण्याच्या जागा आठवड्याला बदलाव्यात. खेळाचे गट मुलांनी निवडून नव्हे, चिठ्ठ्या टाकून पाडावेत. नव्या मुलाला पहिल्या दिवशीच दोन सोबती आणि एक काम द्यावे; ज्याच्याकडे काम असते, त्याची गैरहजेरी जाणवते. महिन्यातून एकदा वर्गसभा भरवावी. आणि पालकांनी घरी "आज कोणी मारले का?" एवढेच न विचारता "आज एकटे कोण बसले होते?" हेही विचारावे.

हा प्रश्न आम्हांला सहावीत कोणी विचारला असता, तर उत्तर आम्हांला ठाऊक होते.