परग्रहावरचा वायू आणि हैदराबादचा फुगा

गोबर गॅसची टाकी असलेल्या घराला मिथेनचे नवल नसते. मराठीत आपण गोबर म्हणतो, कन्नडमध्ये गोब्बर म्हणजे खत. टाकीतून दोन्ही निघतात. शेणातले जीवाणू राबतात आणि चुलीवर चहा होतो. म्हणून वायू दिसला की त्यामागे जीव असणार, असे मन चटकन म्हणते. दूरच्या ग्रहांबाबत हेच म्हणणे अवघड आहे.

के२-१८बी हा ग्रह सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर. तिथल्या वातावरणात मिथेन असल्याचे जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०२३ मध्ये जाहीर झाले. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने डायमिथाइल सल्फाइड या वायूच्या खुणा मिळाल्याचे सांगितले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्मजीवांमुळे तयार होतो. मथळे गाजले. मात्र इतरांनी त्याच नोंदी पुन्हा तपासून शंका घेतल्या. शिवाय हा वायू एका धूमकेतूवरही आढळला आहे. त्या बर्फाळ गोळ्यावर कोण जगणार?

तिथे जाऊन पाहता येत नाही, हीच अडचण, असे वाचकांना वाटेल. पण नमुना हाती आला तरी कोडे सुटतेच असे नाही. हे आपल्या हैदराबादेतच घडले आहे.

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून प्रचंड फुगे सोडले. निर्जंतुक केलेल्या, द्रवरूप निऑनने थंड ठेवलेल्या नळ्यांत ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा भरून आणली. दुसऱ्या खेपेचे नमुने हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांनी वेगवेगळे तपासले. २००९ मध्ये निकाल जाहीर झाला : जीवाणूंच्या तीन नव्या जाती. एकीला इस्रोचे नाव, एकीला आर्यभटाचे आणि एकीला फ्रेड हॉईल यांचे. हॉईल हे नारळीकरांचे गुरू. जीवन अंतराळातून आले असे मानणारे.

गुरूचे म्हणणे खरे ठरल्याची दवंडी पिटायला याहून चांगली संधी कोणती? पण हे जीव परग्रहावरचेच आहेत असे यातून सिद्ध होत नाही, असे निकालाबरोबरच सांगितले गेले. मला या प्रयोगातले हेच सर्वांत मोलाचे वाटते. ते जीवाणू खालून वर गेले की वरून खाली उतरत होते? २० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात निवर्तले, तेव्हाही हा प्रश्न खुलाच होता.