नेम धरताना डोळ्याने कुठे पाहावे?

अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) रणगाडा संग्रहालयात अनेक शाळांच्या सहली जातात. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात मुलांची नजर खिळते ती तोफेच्या लांब नळीवर. पण नळी कितीही उत्तम असली, तरी ती नेमकी कोठे रोखली आहे हे आतल्या जवानाला कळले पाहिजे. हाच प्रश्न एनसीसीच्या छात्रालाही पडतो. तो पॉइंट टू-टू रायफल घेऊन पालथा झोपतो, नेम धरतो आणि गोळ्या लक्ष्यभर विखुरतात. ‘लक्ष कुठे आहे तुझे?’ असे आपण त्याला रागाने विचारतो. प्रश्न योग्यच आहे. फक्त तो प्रकाशशास्त्राच्या अंगाने विचारायला हवा.

पिस्तुलावरचे साधे नेमसाधन घेऊ. मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकाशी एक उंचवटा. या उंचवट्याला माशी म्हणतात. खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आले की नेम साधला. पण येथेच अडचण आहे. खाच आणि माशी हातभर अंतरावर, तर लक्ष्य दहा मीटरवर. आपला डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहू शकतो. मग तिघांपैकी स्पष्ट कोणाला पाहायचे?

अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता, ही गोष्ट आपण वर्गात सांगतो. त्यामुळे विद्यार्थी साहजिकच लक्ष्याकडे टक लावतो. आता समरूप त्रिकोणांचा उपयोग करून पाहू. समजा, खाच आणि माशी यांत २० सेंमी अंतर आहे आणि लक्ष्य १० मीटरवर, म्हणजे ५० पट दूर आहे. माशी खाचेच्या मध्यापासून १ मिमी सरकली, तर गोळी लक्ष्यावर ५० मिमी सरकते! उलट माशी खाचेत अचूक आहे, पण हात हलून सारे पिस्तूल १ मिमी बाजूला गेले, तर गोळीही १ मिमीच सरकेल. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचे असते. म्हणजे मोठी चूक माशीजवळ होते. म्हणून नजर माशीवर ठेवायची आणि लक्ष्य थोडे धूसर दिसू द्यायचे.

रायफलीत खाच आणि माशी यांतील अंतर जास्त असते. ते ७० सेंमी धरले, तर तीच १ मिमीची चूक लक्ष्यावर सुमारे १४ मिमी होते. शिवाय स्पर्धेच्या रायफलीत खाचेऐवजी बारीक छिद्र असते आणि ते डोळ्याजवळ बसवलेले असते. आपल्या बाहुलीचा व्यास ४ मिमी आणि छिद्राचा १ मिमी असेल, तर डोळ्यात शिरणारी किरणांची शलाका एकचतुर्थांश रुंदीची होते. नेत्रपटलावरील धूसरपणाही त्याच प्रमाणात घटतो, आणि माशी व लक्ष्य दोन्ही पुरेशी रेखीव दिसतात. पण त्याची किंमत मोजावी लागते. प्रकाश क्षेत्रफळाच्या प्रमाणात, म्हणजे सोळावा हिस्साच मिळतो. म्हणून अंधूक उजेडात छिद्र मोठे करावे लागते. ते फार लहान केले, तर विवर्तनामुळे प्रतिमा पुन्हा बिघडते.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते अशाच छिद्राच्या साधनाने. तेथे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिमीचे, जेमतेम शर्टाच्या बटणाएवढे! या स्पर्धेत रायफलीला दुर्बीण लावता येत नाही. नेमबाज स्वतःचा चष्मा मात्र घालू शकतो. ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत तर खाच आणि माशी हीच साधने चालतात.

मग दुर्बीण काय करते? तिच्या पुढच्या भिंगाने लक्ष्याची प्रतिमा नळीच्या आतच तयार होते आणि नेमाची फुली तिच्याच प्रतलात बसवलेली असते. त्यामुळे डोळ्याला एकच अंतर सांभाळावे लागते. मात्र लक्ष्याचे अंतर बदलले की प्रतिमा फुलीच्या प्रतलातून सरकते. मग डोळा हलवल्यावर फुली लक्ष्यावर सरकताना दिसते. हाच पराशय. वर्धन जास्त म्हणजे दुर्बीण चांगली, हाही गैरसमज आहे. लक्ष्याबरोबर हाताचा कंपही मोठा दिसतो. शिवाय भिंगाचा व्यास भागिले वर्धन एवढीच प्रकाशशलाका बाहेर पडते. ४ पट वर्धन व ३२ मिमी भिंग असेल, तर ती ८ मिमी. १२ पट व ४० मिमी असेल, तर फक्त ३.३ मिमी. संध्याकाळी बाहुली मोठी होते, तेव्हा दुसरी दुर्बीण अंधारी वाटते.

रायफलीची दुर्बीण डोळ्यापासून काही सेंटिमीटरवरच हवी. पिस्तूल हात लांब करून धरतात, म्हणून तेथे ती निरुपयोगी. त्यासाठी लाल ठिपक्याचे साधन असते. वक्र, अर्धपारदर्शक आरशाच्या नाभीवर छोटा दिवा ठेवला, की परावर्तित किरण समांतर निघतात आणि ठिपका दूरवर असल्यासारखा दिसतो. येथे लक्ष्याकडे पाहिले तरी चालते! या कल्पनेचे पेटंट डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली घेतले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेची २० इंची दुर्बीण याच ग्रब यांनी बनवली होती. पुढे ती कोडाईकॅनालला गेली.

थोडक्यात, साधन निवडताना तीन प्रश्न विचारावेत. स्पर्धेच्या नियमांत काय बसते? लक्ष्य किती दूर आणि उजेड किती? आणि पाहणाऱ्याचा डोळा कसा आहे?

तिसरा प्रश्न वर्गात तपासता येतो. जाड पुठ्ठ्याला सुईने सुमारे १ मिमीचे छिद्र पाडा. हात लांब करून आगकाडी उभी धरा आणि फळ्यावरच्या ठिपक्याशी जुळवा. आधी नुसत्या डोळ्याने पाहा, मग छिद्र डोळ्याशी धरून पाहा. चाळिशी लागलेल्या शिक्षकांनी चष्मा काढून याच छिद्रातून वर्तमानपत्र वाचून पाहावे. नेमबाजीला मात्र वाचनाचा चष्मा चालत नाही. तो ३५–४० सेंमीसाठी असतो, माशी त्याहून दूर असते. ते अंतर मोजून नेत्रतज्ज्ञांना सांगावे.

आणि ज्या मुलाच्या गोळ्या विखुरतात, त्याला बोल लावण्यापूर्वी एवढेच विचारावे, ‘माशी स्पष्ट दिसते का रे?’ एखाद्याला फळाही नीट दिसत नसल्याचे त्या दिवशी कळेल.